दोन पाट्यांमधली मोट

आज एकाच फोटोबद्दल लिहायचं आहे. आकारानं तो पोस्टकार्डापेक्षा लहान, कडा नागमोडी कापलेल्या, एका कोपऱ्यावर चांदीसारखी झिलई आलेली. फोटोत विहीर आहे. धावेवरून बैलजोडी उताराला लागली आहे, ताणलेल्या नाड्यावर एक माणूस बसला आहे आणि त्याच्या मागे थारोळ्यात पाणी पडतंय. बैलांचे पाय हलल्यामुळे पुसट आलेत. माणसाचा चेहरा अर्धवट वळलेला आहे, पण ओळखीच्यांना ओळखू येईल इतका स्पष्ट. डावीकडच्या बैलाचं एक शिंग खाली वळलेलं आहे. मागच्या बाजूला बॉलपेननं लिहिलंय : 'आमचा मळा. मे ५६.'

यातलं '५६' चुकीचं आहे, हे मी तुम्हाला दाखवू शकते. 'आमचा' या शब्दाबद्दल मात्र गावात अजून दोन मतं आहेत. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी. तिला दोन दोर. जाड तो नाडा, तो चाकावरून बैलांच्या जुवाला जातो. बारीक दोर सोंडेला बांधलेला. बैल धावेवरून उतरायला लागले की मोट वर येते, आणि आपलं वजन पडावं म्हणून मोट हाकणारा नाड्यावर बसतो. वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात, थारोळ्यातून पाटात. मग बैल उलट पावली वर. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच. तेलावरची इंजिनं आणि पुढे विजेचे पंप येईपर्यंत आपल्याकडची बागायत अशीच भिजत होती.

डबा कुठून आला

हा फोटो सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावातल्या कुटुंबाचा आहे. गावाचं आणि माणसांची नावं मी लिहिणार नाही, तसं ठरलं आहे. घर ब्राह्मणांचं, थोडीफार जमीन असलेलं. डबा आता ज्यांच्याकडे आहे त्यांना मी काकू म्हणते. वय चौऱ्याऐंशी, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली.

फोटो काढले काकूंच्या चुलत सासऱ्यांनी. ते पुण्यात शाळामास्तर होते. त्यांच्याकडे साधा बॉक्स कॅमेरा होता. एका रोलमध्ये आठ फोटो, प्रत्येक निगेटिव्ह सहा बाय नऊ सेंटिमीटरची. प्रिंटही बहुतेक तेवढ्याच, कारण निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेल्या. रोल महाग, त्यामुळे मास्तर जपून काढत. तरी वीसेक वर्षांत चारशेच्या आसपास फोटो जमले. डबा उघडला तेव्हा आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला. जुन्या ॲसिटेट फिल्मला असा वास येतो. फिल्म खराब व्हायला लागल्याची ती खूण, आणि कामाला लागायची सूचनासुद्धा.

डबा वाचला तो पुण्यात होता म्हणून. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. या वाड्याचा पुढचा सोपा आणि माडी त्यात गेली. कागदपत्रं गेली, देवघरातल्या तसबिरी गेल्या. मास्तरांनी तोपर्यंत काढलेले फोटो त्यांच्या पुण्याच्या बिऱ्हाडात होते, ते तेवढे राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गावात पाऊस पडत नाही

असा डबा हाती आला की पहिला मोह होतो तो 'जुनं गाव कसं होतं बघा' असं म्हणायचा. मलाही झाला. मी सगळे फोटो महिन्यांप्रमाणे लावायला घेतले, आणि काही दिवसांनी लक्षात आलं की या गावात पाऊसच पडत नाही.

खरंच. चारशे फोटोंत एकही पेरणी नाही. चिखल नाही, इरली नाहीत, बेंदूर नाही. कारण साधं आहे. मास्तरांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. म्हणून डब्यात काय आहे? लग्नं, मुंजी, जत्रा, आंब्याची अढी, रहाट, मोट, दिवाळीतली सजवलेली जनावरं. शिवाय बॉक्स कॅमेऱ्याला लख्ख ऊन लागायचं. ढगाळ हवेत आणि घराच्या आत त्याचा उपयोग नव्हता. म्हणून स्वयंपाकघर नाही, जातं नाही, बाळंतिणीची खोली नाही. शेतातलं बायकांचं मोठं काम म्हणजे भांगलण, ते पावसाळ्यातलं, म्हणून तेही नाही. या डब्यातल्या बायका एकतर नटून उभ्या आहेत किंवा कुणाच्या तरी मागे अर्ध्या दिसतात.

आणखी एक वर्ग अजिबात नाही. मोट दिसते, पण तिचं कातडं कमावून ती शिवणारे ढोर समाजातले कारागीर दिसत नाहीत. नाडा दिसतो, तो वळणारे मातंग दिसत नाहीत. बलुत्याची वाटणी खळ्यावर व्हायची, खळ्याचे फोटो आहेत, पण त्यात धान्याच्या राशीमागे घरचीच माणसं उभी.

मास्तरांनी मुद्दाम कुणाला वगळलं असं मी म्हणत नाही. शाळेचं वेळापत्रक, फिल्मची किंमत, उन्हाची गरज आणि मास्तर गावात कुठल्या गल्लीत जात, कुठल्या जात नसत, एवढ्यावरून त्यांच्या कॅमेऱ्यात गाव किती येणार हे ठरलं. म्हणूनच घरगुती फोटो वाचताना 'यात काय दिसतंय' याच्या जोडीनं 'हा कॅमेरा इथे कधी आणि कुणाबरोबर आला' हे विचारावं लागतं.

साल कसं सापडलं

आता पुन्हा मोटेकडे येऊ.

मागचा मजकूर बॉलपेननं लिहिलेला आहे. काकूंनी अक्षर लगेच ओळखलं, त्यांच्या यजमानांचं. १९८० च्या आसपास त्यांनी अल्बम लावायला घेतला तेव्हा आठवेल तसं लिहीत गेले. म्हणजे 'मे ५६' हे पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणीतून आलेलं साल आहे. चूक असेलच असं नाही, पण तपासायला हवं.

मग मी निगेटिव्हकडे वळले. ही निगेटिव्ह सुटी नाही, तिघींची न कापलेली पट्टी आहे. पहिल्या चौकटीत गावातलं दुकान, गल्ल्यावर बसलेला दुकानदार. मधल्या चौकटीत मोट. तिसऱ्या चौकटीत पुन्हा तेच दुकान, या वेळी पुढ्यात पोरं उभी. आमचाही फोटो काढा म्हणून मागे लागली असावीत. दोन्ही फोटोंत दुकानाच्या भावाची पाटी दिसते. प्रिंटवर ती वाचता येत नाही, पण निगेटिव्ह मोठी करून पाहिली तर साखरेपुढे 'न. पै.' स्पष्ट दिसतं. नवे पैसे.

आपल्याकडे आणे-पै जाऊन दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ ला. १९६४ च्या जूनपासून 'नवे' हा शब्द गळला आणि नुसते पैसे राहिले. म्हणजे दुकानाचे दोन्ही फोटो एप्रिल १९५७ नंतरचे. आणि मोट त्या दोघांच्या मध्ये आहे, त्यामुळे पट्टी कुठल्याही टोकाकडून वाचली तरी मोट पहिल्या पाटीच्या नंतर आणि दुसऱ्या पाटीच्या आधी येते. म्हणजे तीही १ एप्रिल १९५७ नंतरची.

दुसरी हद्द घरच्या खर्चाच्या वहीनं दिली. त्याच विहिरीवर तेलाचं इंजिन बसवल्याचा खर्च १९५७ च्या दिवाळीत टाकलेला आहे. दिवाळीत काढलेला इंजिनाचा फोटोही डब्यात आहे, त्यात चाक आणि थारोळं मोडून ठेवलेलं दिसतं. मोटेच्या फोटोत बांधावरचं गवत वाळलेलं आहे, सावल्या आखूड आहेत. महिना मे हे काकूंच्या यजमानांना बरोबर आठवलं होतं. चुकलं ते फक्त साल. मे १९५७.

तुम्ही म्हणाल, एका वर्षानं काय बिघडतं? एरवी काही बिघडलं नसतं. पण ते वर्ष नेमकं १९५७ होतं.

१ एप्रिल १९५७

त्याच तारखेला, म्हणजे १ एप्रिल १९५७ ला, आणखी एक गोष्ट झाली. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात १९५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि हा दिवस 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो काही अटींसह त्या जमिनीचा खरेदीदार मानला जाणार होता. किंमत पुढे न्यायाधिकरण ठरवणार. 'कसेल त्याची जमीन' असं आपण ज्याला म्हणतो ते कायद्याच्या भाषेत असं होतं.

मग कूळ कोण? दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा. पण मालकाच्या घरातला माणूस नव्हे, आणि रोख किंवा धान्याच्या रूपानं ठरलेली मजुरी घेणारा नोकरही नव्हे. मजुरी म्हणून पिकाचा वाटा मिळत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सालगडी कूळ नाही, पण अर्ध्या वाट्यानं जमीन करणारा कूळ ठरू शकतो. दोघंही त्याच बांधावर तेच काम करताना दिसतात. फोटोत तर दोघं अगदी सारखेच दिसतील.

आणि कुळाला जमीन सोडताही येत होती. लेखी राजीनामा द्यायचा, मामलेदारापुढे त्याची पडताळणी व्हायची. या मळ्याच्या फेरफाराच्या नोंदीत तसा राजीनामा आहे. फेब्रुवारी १९५७, कृषक दिनाच्या जेमतेम दोन महिने आधीचा. कुळानं राजीखुशीनं कब्जा मालकाला दिला, असा त्याचा आशय. त्यानंतर पीकपाहणीत जमीन करणाराच्या रकान्यात एकच शब्द : 'खुद्द'.

म्हणजे राजीनाम्याची नोंदच सांगते की इथे कूळ होतं. कागदावर ते फेब्रुवारीत गेलं. आणि मे महिन्यात नाड्यावर बसलेला माणूस कोण?

एक शिंग खाली

हे मला तात्यांनी सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर-ऐंशी, घर गावाच्या खालच्या आळीला. मी गावात फोटोंच्या प्रती घेऊन फिरत होते, कुणी कुणाला ओळखतं का ते बघत. तात्यांनी मोटेचा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि आधी बैलाचं नाव घेतलं. माणसाकडे त्यांनी नंतर पाहिलं. "ह्यो आमचा आबा," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. वडिलांचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. त्यांची पन्नाशीची मुलंही आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच बघत होती.

बैल त्यांच्या घरचा होता, असं तात्यांचं म्हणणं. जमीन अर्धलीनं होती, निम्मं पीक वाड्यावर जायचं. हे खरं की नंतर रचलेलं, हे कसं ठरवणार? मी पुन्हा डबा उघडला. दिवाळीच्या पाडव्याला मास्तर दरवर्षी वाड्यातली जनावरं ओळीनं उभी करून फोटो काढत. १९५३ पासूनचे असे चार फोटो आहेत. चारांपैकी एकातही ते शिंग नाही. पण १९५४ च्या मे महिन्यातल्या मळ्याच्या फोटोत आहे, ५५ च्या आहे, आणि ५७ च्या आहे. म्हणजे बैल मळ्यात असे, वाड्याच्या गोठ्यात नसे. सालगडी मालकाची जनावरं हाकतो. स्वतःचे बैल जुंपणारा बहुधा वाटेकरी असतो.

थांबा, इथे घाई करायची नाही. यातून सिद्ध काय होतं ते नीट बघू. राजीनामा दिल्यावर आबा आपले बैल घेऊन रोजानं कामाला येत असतील, हेही शक्य आहे. राजीनामा खरोखर राजीखुशीचा असू शकतो. कर्ज असेल, अडचण असेल, वाड्याशी घरोबा असेल. पिकाची वाटणी फोटोत दिसत नसते. एवढं मात्र नक्की सांगता येतं : फेब्रुवारीत जमिनीचा कागद बदलला आणि मे महिन्यात विहिरीवर माणूस तोच होता, बैलही तेच होते.

हे फक्त या एका मळ्याचं नाही. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या या कायद्याची अंमलबजावणी प्रत्यक्ष गावांत जाऊन तपासली. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं तो अहवाल १९५७ मध्येच काढला. राजीनाम्यांचं मोठं प्रमाण त्यांच्या नजरेत भरलं होतं आणि 'स्वेच्छेनं' या शब्दाबद्दल त्यांना शंका होती. तो अहवाल मी एम.ए.ला वाचला होता, परीक्षेत त्यावर टिपणही लिहिलं होतं. पण तो माणूस नाड्यावर बसलेला कधी पाहिला नव्हता.

काकू काय म्हणाल्या

मी काकूंना सगळं सांगितलं. लपवून ठेवणं शक्य होतं, पण डबा त्यांचा आहे.

त्या आधी म्हणाल्या, "अगं, तो आमचा गडी होता. सासूबाई त्याला दिवाळीला धोतरजोडी द्यायच्या." मी फेरफार दाखवला. काकूंचं लग्न १९६२ चं, त्यांनी यातलं काही पाहिलेलं नाही. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस साली आमचं घर जाळलं. उरली होती ती एवढी जमीन. मामंजींना वाटलं असेल, हीसुद्धा गेली तर खायचं काय? हे लिहिणार आहेस का तू?"

लिहिणार आहे, म्हटलं. आणि लिहिते आहे. भीती खरी होती. पण त्या भीतीची किंमत आबांनी दिली असेल, तर तेही खरंच आहे. एक गोष्ट सांगितली म्हणून दुसरी पुसली जात नाही.

तात्यांना मी विचारलं, तुम्हाला यातून काय हवंय? जमिनीचे केव्हाच तुकडे झालेत, काही विकली गेली, मळ्याच्या विहिरीत आता बाभळी उगवल्यात. ते म्हणाले, "जमिनीचं काय आता. आबाचं नाव लिहा म्हंजे झालं. 'आमचा मळा' लिवलंय नव्हं मागं? त्यात आबा कुठाय?"

शेवटी असं ठरलं. फोटोची मोठी प्रत तात्यांच्या घरी गेली. मूळ फोटोच्या मागचा बॉलपेनचा मजकूर तसाच आहे, तो खोडायचा नसतो, तोही पुरावाच आहे. त्याच्याखाली मऊ पेन्सिलीनं काकूंनी स्वतः आबांचं पूर्ण नाव लिहिलं. 'कूळ' हा शब्द लिहायला त्या तयार झाल्या नाहीत. माझ्या सूचीत मात्र फेरफाराची तारीख, बैलाची नोंद, तात्यांचं म्हणणं आणि काकूंचं म्हणणं, चारही शेजारी शेजारी आहेत. निकाल मी लिहिलेला नाही. उद्या कुणी वाचेल त्याला चारही गोष्टी एकत्र सापडाव्यात, एवढं माझं काम.

तुमच्या घरातला डबा

तुमच्याही घरी माळ्यावर असा डबा असेल. चार गोष्टी सांगते, मला त्या चुका करून कळल्या आहेत.

निगेटिव्ह टाकून देऊ नका आणि सुट्या करण्यासाठी कापू नका. माझी अख्खी तारीख तीन चौकटींच्या एका पट्टीवर उभी आहे. आंबूस वास येत असेल तर त्या फोटोंपासून वेगळ्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

फोटो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही करा. अल्बमला चिकटलेले ओढून काढू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, मागे, कडेला. कुणी सांगितलं आणि कधी, तेही लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोटो फक्त घरच्यांना दाखवू नका. घरची माणसं घरच्यांनाच ओळखतात. कडेला उभी असलेली, पाठमोरी, नाड्यावर बसलेली माणसं ओळखणारं कुणीतरी दुसऱ्या आळीत असतं, आणि ते बहुधा ऐंशीच्या पुढे असतं.

काकूंच्या डब्यात अजून साठेक फोटो आहेत ज्यांतल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही. त्यातल्या एका फोटोत विहिरीच्या काठावर एक बाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन उभी आहे, चेहरा पदराआड. तात्यांना वाटतं ती त्यांची आई असावी, पण त्यांना खात्री नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचं आहे, तिचं वय नव्वद. फोटो पिशवीत घालून ठेवलाय.